हेझल क्रीकची डॉट

खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ओडेसा बुकरची नोकरी गेली तर आपल्याला काय काय मिळेल, याचा हिशोब डिलार्ड पेट्टसने ट्रकमधून उतरायच्या आतच करून ठेवला होता. एक तर दोषी माणूस सापडणार होता, आणि दोषी सापडला की रेडिओवरची गिधाडं चार दिवस तिकडे गुंततात. शिवाय लेव्हॉन मिम्सच्या दुखऱ्या खांद्याला ‘खेळायला हरकत नाही’ म्हणून सही करायला नवा माणूस येणार होता, आणि नव्या माणसाला सही करायची घाई असते. लेव्हॉन खेळला तर शनिवारी नदीपलीकडच्या संघाला हरवायची आशा. हरवलं तर मेहुणा कोचच्या खुर्चीत. आणि मेहुणा खुर्चीत, तर सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला उभं राहायचा डिलार्डचा बिल्ला शाबूत, स्कोअरबोर्डवरची ‘पेट्टस ट्रक्स’ची पाटी शाबूत, आणि बायकोच्या हॉटेलातून गुरुवारी होणारा कोचचा रेडिओ-कार्यक्रमही शाबूत. एका बाईच्या बदल्यात एवढं सगळं! डिलार्ड जुने ट्रक विकून मोठा झालेला माणूस. असा सौदा दिसला की त्याला भूक लागायची. त्याने बायकोच्या, नेडीनच्या, हॉटेलच्या मागच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि आधी तळलेल्या कॅटफिश माशाचा एक तुकडा तोंडात टाकला.

हे सगळं सुरू झालं होतं मंगळवारच्या एका फोनने. क्लेट डॉबिन्स रोज दुपारी रेडिओवर बसतो आणि अख्खं राज्य त्याला फोन करून बेलफोर स्टेटच्या फुटबॉलचं काय चुकतंय ते सांगतं. दात काढता काढता दंतवैद्य ऐकतात, गस्तीच्या गाडीत शेरीफची माणसं ऐकतात, आणि पाद्री लोक, आपण ऐकत नाही असं सांगून, ऐकतात. या गर्दीत गेली दोन वर्षं कोच रॉइस टॉलिव्हरची बाजू घेणारी एकच बाई होती: हेझल क्रीकची डॉट. आवाज म्हातारा, जीभ कोवळी. बोलताना गालात पेपरमिंटची गोळी असल्यासारखं वाटायचं. समोरच्याला लोळवायच्या आधी ती म्हणायची, “देव तुझं भलं करो, बाळा,” आणि मग त्या बाळाचं काही खरं नसायचं. रॉइसला शिव्या देणारेसुद्धा डॉटचा फोन लागला की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायचे.

मंगळवारी कुणीतरी युजीन म्हणाला, की गेल्या शनिवारी संघ चालवणारा क्वार्टरबॅक लेव्हॉन आळशीपणाने खेळला. त्याने चेंडू फेकलेच नाहीत, नुसते टाकले. डॉट भडकली. म्हणाली, “आळशी? अरे, रविवारी जेवताना त्या पोराला ग्रेव्हीचं भांडं उचलता येत नव्हतं! डाव्या हाताने पुढे सरकवलं बिचाऱ्याने!”

झालं. संध्याकाळपर्यंत ग्रेव्हीचं भांडं राज्यभर फिरलं. बेलफोरच्या क्वार्टरबॅकचा उजवा खांदा कामातून गेलाय, हे नदीपलीकडच्या कोचला घरबसल्या कळलं. पैजा लावणाऱ्यांनी पैजा फिरवल्या. आणि लोकांना दुसराच प्रश्न पडला: रविवारी ग्रेव्हीच्या टेबलाशी बसलं कोण होतं?

हे बेलफोरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हातारे कोच, रॉइसचे वडील बर्ल टॉलिव्हर, ज्यांचा आता स्टेडियमपुढे पुतळा आहे, त्यांनी घालून दिलेली चाल आहे ती. सामना हरला की रविवारी चर्चनंतर क्वार्टरबॅक टॉलिव्हरांच्या घरी जेवतो. गावाने त्याला टाकला तरी कोचने टाकलेला नाही, हे दिसायला हवं. तेव्हा टेबलाशी रॉइस होता, त्याची बायको ट्वायला, बहीण नेडीन, मेहुणा डिलार्ड आणि आई यूला. बाहेरची माणसं दोनच: लेव्हॉन, आणि त्याच्या खांद्यावर बर्फ धरून बसलेली संघाची ट्रेनर ओडेसा. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी निरोप धाडला होता, की गुरुवारच्या कार्यक्रमात बातमी फोडणाऱ्याचं नाव जाहीर करा. नाव कुणाचं, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. ते डिलार्डने सुचवलं, संचालकांनी मान डोलावली, आणि चार ओळींचा मजकूर टाइप होऊन डिलार्डच्या खिशात आला.

“तुला फक्त वाचायचंय,” मागच्या खोलीत मक्याच्या पिठाच्या गोण्यांमध्ये उभा राहून डिलार्ड रॉइसला म्हणाला. “‘वैद्यकीय विभागातील एका व्यक्तीला कामावरून मुक्त करण्यात आलं आहे.’ नावसुद्धा घ्यायचं नाहीये.”

“वैद्यकीय विभागात माणसं तीन. त्यातला एक हनिमूनला गेलाय, आणि एक रविवारी माझ्या टेबलाशी नव्हता.”

“मग नाव घ्यायची गरजच नाही, हेच म्हणतोय मी.”

रॉइस बापासारखाच आडव्या अंगाचा. पण बाप बोलायला लागला की खोली गप्प व्हायची, आणि रॉइस बोलायला लागला की खोली वाट बघायची. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला. “ओडेसाने हे केलंय असं तुला खरंच वाटतं?”

“मला काय वाटतं ते सोड. कुणाला वाटू शकेल ते बघ.”

“आणि खांद्याचं?”

“डॉक्टर म्हणतात, सुई मारली तर चार तास कळणार नाही.”

“पाचव्या तासाला कळेल.”

“पाचव्या तासाला आपण जिंकलेलो असू, रॉइस!”

नेडीन दारात उभी राहून ऐकत होती. हातात बर्फाच्या चहाचा जग. नवऱ्याच्या बोलण्यातला एकही शब्द तिला आवडला नाही आणि एकही खोडता आला नाही. कारण तिला जे ठाऊक होतं ते त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. रॉइस सामन्यांच्या मोसमात घरात रेडिओच ठेवत नसे. डिलार्ड दुकानात दिवसभर ऐकायचा, डॉटच्या टोमण्यांना खदखदून हसायचा, पण त्याला आवाज ओळखू आला नाही यात त्याचा दोष नव्हता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तेवढ्यात सासू त्याच्याशी ‘मीठ दे’ याच्या पलीकडे फारसं बोललीच नव्हती.

नेडीनने जग खाली ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. यूला टॉलिव्हर तिथे स्टुलावर बसून अक्रोडासारखे पीकन सोलत होती. पांढरे केस चर्चला जाताना असतात तसे बसवलेले, मोत्यांची माळ, गालात पेपरमिंट.

“ममा, ती गोळी थुंक.”

“का गं?”

“तुझा आवाज ऐकायचाय मला. नीट.”

यूलाने सोललेला पीकन वाडग्यात टाकला, दुसरा उचलला. “कधी कळलं तुला?”

“मागच्या वर्षी. मेथडिस्ट पाद्र्याच्या मुलाला तू ‘चेंडू कुठल्या बाजूने शिवलेला असतो ते तरी बघून ये’ म्हणालीस. पपांचं वाक्य ते.”

“मग बोलली नाहीस?”

“मला वाटलं, दोन-चार फोन करशील नि कंटाळशील.” नेडीनने मागे वळून दार लोटून घेतलं. “ममा, बाहेर ओडेसाला काढायला निघालेत. तुझ्या ग्रेव्हीपायी.”

यूलाचा हात थांबला. “कोण काढतंय?”

“संचालक. म्हणजे... डिलार्ड.”

“देव त्याचं भलं करो,” यूला म्हणाली, आणि नेडीनने घाईने तिचं मनगट धरलं.

“तू काही करायचं नाहीस. ऐक माझं. आज बर्ल टॉलिव्हरच्या बायकोने मुलाचं गुपित रेडिओवर फोडलं असं कळलं, तर रॉइसला उद्या सकाळपर्यंतही ठेवणार नाहीत. घरातच गळती म्हणतील. ओडेसाला दुसरीकडे नोकरी मिळेल. तिच्यासारखी ट्रेनर राज्यात नाही.”

“चुगलखोर म्हणून काढलेल्या ट्रेनरच्या हातात आपला घोटा कोण देईल, नेडीन?”

 नेडीनकडे फक्त एक भाऊ होता आणि एक हॉटेल होतं. तिने भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं, आणि आईनेही तिकडेच पाहिलेलं तिला दिसलं. मग मुलीने जाऊन त्या फोनला पाठ टेकली. पहाऱ्याला उभं राहावं तशी.

पुढच्या दालनात खुर्च्या भरत आल्या होत्या. लाल स्वेटर, लाल टोप्या, कोल्ह्याच्या शेपट्या लटकवलेली पोरंटोरं. आमच्या संघाचं चिन्ह कोल्हा, आणि कोल्ह्याचं जे जे शिवता येतं ते बेलफोरात कुणीतरी शिवलेलं असतं. ट्वायला नेहमीच्या जागी बसली होती, क्लेटच्या टेबलाच्या डावीकडे, सगळ्यांना दिसेल अशी. चेहऱ्यावर हसू. कोचच्या बायकोचं हे हसू सासूकडून सुनेकडे येतं, चांदीच्या चमच्यांसारखं, आणि तेवढंच रोज घासावं लागतं. माणसं जवळून जाताना तिचा हात दाबायची आणि तेच तोंड घेऊन माइकपाशी तिच्या नवऱ्याला हाकला म्हणायची. तिच्या गॅरेजमध्ये ‘घर विकणे आहे’ अशा पाट्यांचा ढीग होता. सामना हरला की रात्रीतून कुणीतरी त्यांच्या हिरवळीवर रोवून जायचं. ती सकाळी उपटून आत ठेवायची, चिखल पुसून. का ठेवते, हे रॉइसने कधी विचारलं नाही.

ओडेसा बुकर आली ती सरळ ट्वायलाशेजारीच बसली. संघाचं लाल जाकीट, चष्मा कपाळावर, हातांना कायम औषधी तेलाचा वास.

“मिस्टर पेट्टसनी बोलावलंय,” ती म्हणाली. “फोनवर इतके गोड बोलले, की मी निघताना कपाटातलं सामान खोक्यात भरूनच आले.”

“ओडेसा...”

“मला कळतं, ट्वायला. चौदा वर्षं या लोकांचे घोटे बांधतेय मी. कोण कुठल्या पायावर भार टाकतोय ते चालण्यावरून कळतं.” तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. “फक्त एक सांगून जाईन. त्या पोराचा खांदा मी या अंगठ्याने दाबून पाहिलाय. मी सही करणार नाही. माझ्यानंतर कुणी केली तर त्याचं नाव मी विसरणारही नाही.”

ट्वायलाने हसू तसंच ठेवलं आणि ओठ न हलवता म्हणाली, “डॉट कोण आहे, ठाऊक आहे मला.”

“मलाही,” ओडेसा म्हणाली. “रविवारी त्या टेबलाशी पेपरमिंट चघळणारं माणूस एकच होतं.”

“मग बोलली का नाहीस? तुझीच मान अडकलीय.”

“ब्याऐंशी वर्षांच्या बाईचं नाव घेऊन मी माझी मान सोडवू? मला रविवारी चर्चमध्ये त्यांच्याच मागच्या बाकावर बसायचं असतं.” मग आवाज खाली आणून, “आणि डॉट बोलते ते मला आवडतं. तुला नाही आवडत?”

 दोन वर्षं रोज दुपारी ट्वायला किराणा दुकानाच्या आवारात गाडी उभी करून डॉटचा फोन यायची वाट बघत बसायची, आणि एकदा तर आइस्क्रीम पार वितळून गेलं होतं. जे ती स्वतः कधीच म्हणू शकणार नव्हती ते दुसरं कुणीतरी म्हणत होतं, तिच्याच कुटुंबातल्या आवाजात. तिने पर्समधून रुमाल काढला आणि पुन्हा ठेवला. हसू घसरून चालणार नव्हतं.

तेवढ्यात तिला दिसलं, की डिलार्ड क्लेट डॉबिन्सच्या खुर्चीमागे वाकलाय. क्लेटच्या कानाशी काहीतरी बोलला, त्याच्या खांद्यावर थोपटलं. क्लेटची नजर उठली आणि सरळ ओडेसावर येऊन बसली. ट्वायलाला कळलं. रॉइसने कागद नाही वाचला तरी नाव बाहेर पडावं, याची सोय डिलार्डने करून ठेवली होती. ती उठली. गर्दीतून वाट काढत स्वयंपाकघराकडे निघाली. हसू अजून होतंच.

सहा वाजता लाल दिवा लागला. रॉइसने कानांवर हेडफोन चढवले. खिशातला कागद त्याला शर्टातून टोचत होता. दालनातली शंभरेक माणसं त्याच्याकडे बघत होती, जशी गेली तीन वर्षं बघत होती: गाडीच्या काचेतून, चर्चच्या बाकांवरून, औषधाच्या दुकानात रांगेत उभं राहून. आधी त्याला ते ओझं वाटायचं. आज त्याला वाटलं, बघणारच आहेत तर काहीतरी बघण्यासारखं करावं.

“कोच,” क्लेट म्हणाला, “कॅटफिशबद्दल विचारू, की ग्रेव्हीबद्दल?”

हशा पिकला.

“ग्रेव्हीबद्दल विचार.”

“लेव्हॉन शनिवारी खेळणार?”

“नाही.”

हशा मध्येच तुटला. मागून कुणीतरी “अरे देवा!” म्हणालं. खिडकीजवळ रेमंड टेट उभाच राहिला. पुढच्या रांगांची तिकिटं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे आहेत त्यांतला तो. “म्हणजे खेळायच्या आधीच हरलास की!”

“रेमंड, बस. त्याच्या खांद्यातला स्नायू फाटलाय. आमची ट्रेनर म्हणते नाही, म्हणजे नाही. मी मागच्या शनिवारी तिचं ऐकलं नाही, आणि पोराला ग्रेव्ही वाढून घेता येईना. पुन्हा तीच चूक करायला मी इथे बसलो नाही. दुसरा पोरगा खेळेल. त्याला चालायला यायचं अजून थोडं बाकी आहे, पण धावतो बरा.”

कुणी हसलं नाही. डिलार्डने भिंतीला डोकं टेकलं. त्याचा बिल्ला, त्याची पाटी, त्याचे गुरुवार, सगळे एका वाक्यात गेले होते. आता निदान दोषी तरी हवा होता. त्याने क्लेटला भुवई उंचावून दाखवली.

“कोच,” क्लेटने घसा साफ केला, “लोकांना हे जाणून घ्यायचंय, की बातमी फोडली कुणी. मला असं कळलंय, की रविवारी टेबलाशी तुमची ट्रेनर मिस ओडेसा बुकर—”

“ओडेसाने नाही केलं.”

“मग कुणी?”

“मला ठाऊक नाही.” रॉइसने खिशातला कागद काढला, चौघडी घातलेला, आणि सांडलेल्या चहावर टेबल पुसायला ठेवला. “टेबल माझं. तिथून जे गेलं ते माझ्याकडून गेलं. नाव हवं असेल तर रॉइस टॉलिव्हर लिहा.”

“कोच, हे उत्तर झालं नाही हो. लोक म्हणणार तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय.” क्लेट वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त चार तास रोज भरायचे असत. “आणि मला नाव विश्वासू माणसाने दिलंय.”

सगळी डोकी ओडेसाकडे वळली. ओडेसा ताठ बसली. रॉइसला कळलं, की आपण जे देऊ केलं होतं ते पुरलं नाही. लोकांना कोचची मान आधीच मिळालेली होती; ती त्यांना फुकटची वाटत होती.

स्वयंपाकघरात ट्वायला आत शिरली तेव्हा नेडीन अजून फोनपुढे उभी होती, आणि यूला तिच्यासमोर. कपाटावरच्या छोट्या रेडिओवर सगळं ऐकू येत होतं.

“क्लेटला नाव तुझ्या नवऱ्याने दिलं,” ट्वायला नणंदेला म्हणाली. “मी डोळ्यांनी पाहिलं.”

नेडीनने रेडिओकडे बघितलं. मग दाराकडे. डिलार्डसाठी तिने आजवर कितीतरी वेळा मान खाली घातली होती. पण भावाने आपली मान पुढे केल्यावरही नवरा दुसरीची कापायला बघतो, हे तिच्या डोक्यात बसेना. ती फोनपुढून बाजूला झाली. रिसीव्हर काढला, नंबर तिनेच फिरवला, आणि आईच्या हातात दिला.

“गोळी राहू दे, ममा,” ती म्हणाली.

“लाइन तीनवर,” पुढे दालनात क्लेटचा आवाज एकदम फुलला, “हेझल क्रीकची डॉट! डॉट, वेळेवर आलीस! सांग आम्हाला, तुला ग्रेव्हीचं कुणी सांगितलं?”

“कुणी नाही सांगितलं. देव तुझं भलं करो, क्लेट, दोन वर्षं झाली नि तू एकदा नकाशा उघडून बघितला नाहीस. या राज्यात हेझल क्रीक नावाचं गावच नाही.”

रॉइसच्या कानांतले हेडफोन एकाएकी तापल्यासारखे झाले. तो आवाज त्याने पाळण्यात ऐकला होता.

“माझं नाव यूला टॉलिव्हर. मी तुझ्या पाठीमागच्या स्वयंपाकघरातून बोलतेय. ग्रेव्ही मी केली होती, भांडं माझ्याच डोळ्यांदेखत सरकलं, आणि तोंडही माझंच सुटलं. ओडेसा बुकरचं नाव पुन्हा काढलंस तर बाहेर येऊन तुझा कान धरीन.”

पण ती आलीच बाहेर. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि मोत्यांची माळ घातलेली यूला रिसीव्हर कानाला लावून उंबऱ्यात उभी राहिली. मागे फोनची वेटोळ्याची वायर ताणून ताणून सरळ झालेली, आणि ती वायर हातांवर झेलत मुलगी नि सून.

“ममा,” रॉइस माइकमध्ये म्हणाला, “फोन ठेव. कार्यक्रम चालू आहे.”

“चालू आहे म्हणूनच केलाय!”

हशाचा लोट उसळला, पण यूला हसली नाही. “बर्ल कोच होता तेव्हा एकतीस वर्षं मी पाचव्या रांगेत बसले. माझ्या मागे एक माणूस बसायचा. दर शनिवारी माझ्या नवऱ्याला गाढव म्हणायचा आणि सामना संपला की मला गाडीपर्यंत सोडायला यायचा, शिष्टाचार म्हणून. मी हसायची. कोचच्या बायकोने उलट बोलायचं नसतं. आता तोच माणूस बर्लच्या पुतळ्याला हात लावल्याशिवाय आत जात नाही. रेमंड, खिडकीकडे बघू नकोस, तुझ्याशीच बोलतेय.”

रेमंड टेटने टोपी काढली.

“नवऱ्याच्या वेळी गप्प बसले. मुलाच्या वेळी नाही बसवलं. लेव्हॉनचं मात्र नुकसान झालं माझ्यामुळे, त्याची माफी त्याच्या तोंडावर मागेन मी. पण तुम्हाला सगळ्यांना एक सांगते, त्या पोराला आळशी म्हणायच्या आधी आपापला खांदा फाडून बघा. झालं माझं. क्लेट, जाहिरात लाव.”

आणि क्लेटने, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी निमूटपणे ऐकून, जाहिरात लावली. ती पेट्टस ट्रक्सची होती.

शनिवारी आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण ‘थोडक्यात’चा रकाना स्कोअरबोर्डवर नसतो. दुसरा पोरगा जीव तोडून धावला आणि शेवटचा चेंडू त्याने पलीकडच्यांच्याच हातात दिला. रविवारी सकाळी, चर्चला जायच्या आधी, संचालकांनी रॉइसला फोन केला. कारण ‘कुटुंबातून माहिती बाहेर जाणे’ असं सांगितलं. लोकांनी ते ‘पराभव’ असं वाचलं, आणि दोघांचंही बरोबर होतं.

तरी दुपारी टेबल मांडलं गेलंच. कोच नसलेल्या माणसाच्या घरी हरलेल्या क्वार्टरबॅकने जेवायची काही गरज नव्हती. पण तो पोरगा दारात येऊन उभा राहिला, डोळे सुजलेले, आणि मागे लेव्हॉन, हात गळ्यात बांधलेला. ओडेसाने मक्याचा ब्रेड आणला होता. डिलार्डही आला. न येऊन कसं चालेल? नव्या कोचच्या शोधसमितीत त्याला खुर्ची मिळाली होती आणि ही बातमी कुठेतरी सांगायलाच हवी होती.

“नवा माणूस कोणीही येवो,” तो बटाटे घेत म्हणाला, “ट्रक पेट्टसचाच चालवणार.”

 बाहेरून हातोड्याचे ठोके ऐकू आले. ट्वायला उठून केव्हा गेली ते कुणाला कळलंच नव्हतं. गॅरेजमधल्या ढिगातली बऱ्यापैकी स्वच्छ पाटी निवडून ती हिरवळीवर स्वतः रोवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तीन वर्षांत ती इतकी सुंदर दिसली नव्हती, असं रॉइसला खिडकीतून बघताना वाटलं.

यूलाने ग्रेव्हीचं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि आधी लेव्हॉनच्या ताटात वाढलं. “माफ कर मला, बाळा.”

“मिस यूला,” लेव्हॉन म्हणाला, “सुई घेऊन खेळलो असतो तर पुढच्या वर्षी कुणालाच माफ करायला उरलो नसतो. वाढा अजून.”

मग तिने भांडं खाली ठेवलं, गालातली गोळी काढून रुमालात गुंडाळली, आणि जावयाकडे वळली.

“डिलार्ड.”

डिलार्डचा काटा हवेतच राहिला. अठ्ठावीस वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती.

“शुक्रवारी क्लेट डॉबिन्सने फोन केला होता. म्हणतो, खऱ्या नावाने ये, आठवड्याला एक तास देतो. मी नाही म्हटलं. नाव ठाऊक असलेल्या म्हातारीचं ऐकायला कोण गाडी थांबवेल? तेव्हा माझ्याकडचं बोलणं आता सगळं शिल्लक पडलंय. आणि रविवारी तू मोकळाच असतोस. त्या बाईचं नाव क्लेटला दिलंस ना, तिथून सुरुवात करू. देव तुझं भलं करो.”

नेडीनने शांतपणे मिठाची बाटली नवऱ्यापासून लांब सरकवली.

तर कुणी किती भरलं? रॉइसने खुर्ची दिली. नेडीनचे गुरुवार गेले; नवा कोच आला तो कार्यक्रम शहरातल्या कुठल्याशा झगमगीत जागी घेऊन गेला. राज्याने डॉट गमावली, आणि कितीतरी दिवस दुपारी तिच्या वेळेला माणसं उगाच गाड्या कडेला घेऊन थांबत. लेव्हॉनचा खांदा आणि ओडेसाची नोकरी वाचली. पुढच्या मोसमात लेव्हॉन नदीपलीकडच्यांकडून खेळला, हे बेलफोरने स्वतःच्या खिशातून भरलं. या सगळ्यांनी आपापलं एकरकमी चुकतं केलं आणि मोकळे झाले. राहिला डिलार्ड पेट्टस. तो अजून दर रविवारी, चर्चनंतर, ग्रेव्ही फिरून झाली की, हप्त्याने भरतोय.